दोन आम्ले, एक संहती, वेगळा सामू : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आज प्रकल्पाचा विषय पक्का झाला. पाच विद्यार्थ्यांच्या या गटाने आरंभी सामूची रंगीत पट्टी करायचे ठरवले होते. सामू (pH) म्हणजे द्रावणातील हायड्रोजन आयनांचे (विद्युतभारित कणांचे) प्रमाण सांगणारा आकडा; तो जितका लहान तितके हे आयन जास्त. शून्यापासून चौदापर्यंतचे चौकोन आखायचे आणि त्यांत ओळखीच्या पदार्थांची नावे भरायची, असा तो बेत होता. असे तक्ते मी दरवर्षी पाहतो, आणि ते रंगवून कोणाच्या समजुतीत फारशी भर पडल्याचे मला आठवत नाही. यंदा तक्ता बाजूला पडला तो एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. पाठातल्या कोष्टकात ०.१ मोलार (म्हणजे दर लीटर द्रावणात ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १ आणि तेवढ्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लाचा सामू २.९ दिलेला होता. ते पाहून ती म्हणाली, "सर, दोन्ही बाटल्यांत आम्ल सारखेच घातले आहे ना? मग दुसऱ्या बाटलीतले आम्ल गेले कुठे?"

हाच प्रकल्प, असे तिथल्या तिथे ठरले.

काम सुरू करण्यापूर्वी शब्दांचे अर्थ नक्की करणे भाग होते. विद्रावकात आम्ल किती मिसळले आहे हे सांगण्यासाठी आम्ही 'संहत' आणि 'विरल' हे शब्द वापरू. मिसळलेल्या आम्लापैकी कितीचे आयनांत विचरण (विभाजन) होते हे सांगण्यासाठी 'तीव्र' आणि 'सौम्य' हे शब्द वापरू. बोलताना आपण पाणी घालून पातळ केलेल्या कोणत्याही आम्लाला 'सौम्य' म्हणून मोकळे होतो, आणि माझ्या मते निम्मा गोंधळ तिथेच जन्माला येतो. त्यामुळे 'विरल तीव्र आम्ल' किंवा 'संहत सौम्य आम्ल' हे शब्दप्रयोग कानाला विसंगत वाटले तरी बरोबर आहेत, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. 'क्षार' हा शब्दही असाच निसरडा आहे. मराठी पुस्तकांत आम्ल आणि आम्लारी (आम्लाला उदासीन करणारा पदार्थ) यांच्या अभिक्रियेतून तयार होणाऱ्या पदार्थाला क्षार म्हणतात, तर हिंदी पुस्तकांत तोच शब्द पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीसाठी, म्हणजे आपण ज्याला अल्क म्हणतो त्यासाठी येतो. गटातील एकाने आंतरजालावरून काढलेली टिपणे या एका कारणामुळे उलटी झाली होती.

८ जानेवारी

द्रावणे तयार केली. सोडियम हायड्रॉक्साइडच्या खड्यांचे वजन करताना एक गोष्ट सर्वांनी डोळ्यांनी पाहिली. काचेच्या तबकडीवर ठेवलेले पांढरे, कोरडे खडे काही मिनिटांत कडेने ओलसर दिसू लागले आणि तराजूचा शेवटचा अंक थांबेना. तो सावकाश वरच सरकत राहिला. हा पदार्थ हवेतील बाष्प शोषतो, आणि कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा काही भाग सोडियम कार्बोनेटमध्ये बदलतो. त्यामुळे १.०० ग्रॅम वजन करून २५० मिलिलीटर द्रावण केले तरी ते बरोबर ०.१ मोलार आहे असे म्हणता येत नाही.

त्यावर उपाय म्हणून ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण केले. त्याचे स्फटिक हवेत टिकाऊ असतात आणि वजनावर विसंबता येते. १.५८ ग्रॅम स्फटिक २५० मिलिलीटर पाण्यात विरघळवले की संहती ०.०५ मोलार होते, आणि प्रत्येक रेणू दोन हायड्रोजन देत असल्याने हिशेब ०.१ मोलार एकहायड्रोजनी आम्लासारखा होतो. त्याचे २५ मिलिलीटर उदासीन करायला आमच्या अल्काचे २६.१ मिलिलीटर लागले. म्हणजे अल्काची खरी संहती ०.०९६ मोलारच्या आसपास आहे. बाटलीवरची '०.१' ही चिठ्ठी काढून टाकून नवी लावली. चिठ्ठी खरवडायला दहा मिनिटे गेली, पण पुढचे सगळे आकडे या एका आकड्यावर उभे राहणार आहेत.

आम्ले विरल करताना आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही, हा नियम मी पुन्हा सांगितला. चष्मे आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणी टेबलाजवळ यायचे नाही, हेही ठरले.

११ जानेवारी

दर्शकांचा, म्हणजे आम्ल की अल्क हे रंगाने दाखवणाऱ्या पदार्थांचा, दिवस. लिटमसबद्दल नवीन लिहिण्यासारखे फारसे नाही, एका निरीक्षणाचा अपवाद सोडला तर. ऑक्झॅलिक आम्लाचा कोरडा स्फटिक कोरड्या निळ्या लिटमस कागदावर ठेवला आणि पाच मिनिटे थांबलो. कागद निळाच राहिला. मग स्फटिकाच्या कडेला पाण्याचा एक थेंब सोडला, आणि तो पसरत गेला तसतशी त्याच्यामागे तांबडी किनार पसरत गेली. आम्लाचा आम्लपणा पाण्याशिवाय प्रकट होत नाही, ही गोष्ट यापेक्षा कमी साहित्यात दाखवता येईल असे वाटत नाही. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या आपल्या प्रबंधात आम्ल, अल्क आणि क्षार यांसारखे विद्राव्य पदार्थ पाण्यात आयनांत विभागले जातात ही कल्पना मांडली, आणि आम्ल म्हणजे पाण्यात हायड्रोजन आयन देणारा पदार्थ ही शाळेतील व्याख्या त्याच कल्पनेतून आली. पुढे १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लाउरी या रसायनशास्त्रज्ञांनी ती अधिक व्यापक केली, परंतु आमच्या कामाला अऱ्हेनियस पुरेसे आहेत.

दुसरी घटना अनपेक्षित होती. फिनॉल्फथॅलिन अल्कात गुलाबी होते हे सर्वांना पाठ आहे. अल्क जितके संहत तितका गुलाबी रंग गडद, असे गृहीत धरून गटाने मला सोडियम हायड्रॉक्साइडचे बरेच संहत द्रावण घेण्यास सांगितले. मी ते स्वतः हाताळले. दर्शकाचे दोन थेंब टाकताच रंग झळकला, पण बघता बघता तो फिका पडू लागला आणि थोड्या वेळाने द्रावण पाण्यासारखे रंगहीन झाले. परीक्षानळी हातात धरून सगळे गप्प होते. मग त्यातील थोडे द्रावण पुष्कळ पाण्यात ओतले, तेव्हा गुलाबी छटा हळूहळू परतली. फिनॉल्फथॅलिनचा रंगीत आयन अतिसंहत अल्कात आणखी एक हायड्रॉक्साइड आयन स्वीकारून रंगहीन रूपात जातो, हे त्याचे कारण. केवळ रंग नाही एवढ्यावरून द्रावण आम्लधर्मी किंवा उदासीन ठरवणारा येथे चांगलाच फसला असता.

१५ जानेवारी

आज सामूमापक प्रथमच वापरला. त्याच्या टोकाला असलेला पातळ काचेचा फुगा हायड्रोजन आयनांच्या संहतीला प्रतिसाद देतो आणि त्यातून मिळणारा विभव (विद्युत दाब) यंत्र आकड्यात बदलते. २५ अंश सेल्सिअसला सामूतील एका एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट एवढा हा फरक असतो. मापकाला आधी ओळखीच्या द्रावणांवर बसवावे लागते. आम्ही सामू ४, ७ आणि ९.१८ ची बफर द्रावणे, म्हणजे सामू सहज न हलणारी द्रावणे, वापरली. दर वेळी टोक ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचे आणि कागदाने अलगद टिपायचे, पुसायचे नाही. ही सवय लागायला एक तास गेला.

त्यानंतर एकाने सहज ऊर्ध्वपातित पाण्यात टोक बुडवले. सगळ्यांना ७ ची अपेक्षा होती, मापकाने ५.८ दाखवले, आणि तोही आकडा स्थिर नव्हता. "मापक बिघडलाय" असे त्याने जाहीर केले. बफरमध्ये पुन्हा पाहिले तर मापक ठीक होता. हवेशी संपर्कात राहिलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून थोडे कार्बोनिक आम्ल तयार होते आणि सामू ५.६ च्या दिशेने उतरतो. शिवाय इतक्या शुद्ध पाण्यात आयन फारच थोडे असल्याने मापकाला स्थिर आकडा देणे जड जाते. पाणी उकळून, झाकण लावून गार केल्यावर आकडा साडेसहाच्या वर गेला. पुढच्या सर्व द्रावणांसाठी असेच उकळलेले पाणी वापरायचे ठरले.

सामू ही संकल्पना १९०९ मध्ये डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. विकरांच्या (एन्झाइमांच्या) अभिक्रियांवर काम करताना त्यांना हायड्रोजन आयनांच्या अतिशय लहान संहती वारंवार लिहाव्या लागत, आणि ०.०००००१ असे आकडे लिहिण्यापेक्षा दहाच्या ऋण घातांकातले सहा एवढेच घेणे सोयीचे होते. ही सोय आहे, हे मी मुद्दाम ठासून सांगितले. सामू १ आणि सामू ३ यांत दोनाचा फरक नसून शंभरपटीचा आहे, आणि आकडा वाढला की आयनांची संहती घटते. या दोन गोष्टी बोलताना सर्वांना मान्य असतात, हिशेब करताना मात्र विसरल्या जातात.

१८ जानेवारी

विरलीकरणाची मालिका. १० मिलिलीटर द्रावण घेऊन १०० मिलिलीटर करायचे, त्यातले पुन्हा १० घ्यायचे, असे पायरीपायरीने. हायड्रोक्लोरिक आम्लाचे आकडे १.१, २.०, ३.०, ४.०, ५.१ असे आले. दहापट विरल केले की सामू एकाने वाढतो, हे इतके नेमके दिसले की गट खूष झाला आणि एकाने पुढच्या पायऱ्या कागदावरच लिहून टाकल्या: ६, ७, ८. म्हणजे आम्लात पुरेसे पाणी घालत राहिले की ते अल्क होईल! हे होणे शक्य नाही हे त्यालाही कळत होते, पण चूक कुठे आहे ते सापडेना.

चूक अशी की त्याच्या हिशेबात पाण्याला स्थान नव्हते. २५ अंशांना शुद्ध पाण्यातच दर लीटरला दहाच्या उणे सातव्या घाताएवढे मोल हायड्रोजन आयन असतात आणि तेवढेच हायड्रॉक्साइड आयन असतात. आम्ल संहत असेपर्यंत पाण्याचा हा वाटा नगण्य ठरतो. आम्ल इतके विरल झाले की त्याचा वाटा पाण्याच्या वाट्याहून लहान होतो, तेव्हा पाणीच सामू ठरवू लागते. दहाच्या उणे आठव्या घाताएवढ्या संहतीच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू गणिताने ६.९८ येतो, म्हणजे सातच्या खाली, अगदी काठावर. प्रत्यक्षात तिथवर जाणे आमच्या काचसामानाला शक्य नाही, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड त्याआधीच खेळ बिघडवतो. सहाव्या पायरीपासूनच आमचे आकडे भरकटले होते.

ॲसेटिक आम्लाची मालिका अधिक बोलकी निघाली: २.९, ३.४, ३.९. येथे दहापट विरल केल्यावर सामू एकाने न वाढता जवळपास अर्ध्यानेच वाढला. ०.१ मोलार द्रावणात ॲसेटिक आम्लाच्या शंभरातील साधारण सव्वा रेणूंचेच विचरण झालेले असते. उरलेले रेणू अखंड असतात. पाणी वाढवले की त्या अखंड रेणूंपैकी आणखी काही विभागले जातात, त्यामुळे आयनांची संहती दहापट न घटता सव्वातीन पटीच्या आसपासच घटते. "म्हणजे आम्ल गेले नाही, अजून फुटले नाही," असे तिने, ज्या विद्यार्थिनीने पहिला प्रश्न विचारला होता तिने, वहीच्या समासात लिहिले. 'फुटले' हा शब्द मी बदलला नाही.

२२ जानेवारी

समासातल्या त्या वाक्याचा पडताळा आज घेतला. १ मोलार हायड्रोक्लोरिक आणि १ मोलार ॲसेटिक आम्लाचे प्रत्येकी ५ मिलिलीटर दोन चंबूंत घेतले, दोन्हीत गरजेपेक्षा जास्त मॅग्नेशिअमची फीत टाकली आणि निघणारा हायड्रोजन पाण्यात उपड्या धरलेल्या मोजपात्रांत गोळा केला. खोलीत ज्योत पेटवायची नाही, ही सूचना फळ्यावर लिहिलेली होती.

पहिल्या चंबूत फीत टाकताच द्रावण उसळल्यासारखे फेसाळले, काच कोमट झाली आणि दोन मिनिटांत सगळे शांत झाले. दुसऱ्यात फितीच्या कडांवर बारीक बुडबुड्यांची रांग धरली. एकेक बुडबुडा सुटायचा, वर जायचा, त्याची जागा दुसरा घ्यायचा. पंधरा मिनिटे झाली तरी ते चालूच होते. मध्येच दोघे जण कंटाळून खिडकीशी गेले. अखेर बुडबुडे थांबले आणि मोजपात्रे वाचली: पहिल्यात ५८ मिलिलीटर, दुसऱ्यात ५७. गणिताने खोलीच्या तापमानाला ६० च्या आसपास अपेक्षित होते.

वेग वेगळा, पण एकूण वायू सारखा. द्रावणातले मोकळे हायड्रोजन आयन मॅग्नेशिअम वापरत जाते तसतसे ॲसेटिक आम्लाचे अखंड रेणू विभागून त्यांची जागा भरत राहतात, आणि शेवटचा रेणू संपेपर्यंत हे चालते. सामू हा त्या क्षणी मोकळ्या असलेल्या आयनांचा आकडा आहे. साठ्यात किती आम्ल आहे हे तो सांगत नाही. कोष्टकातल्या १ आणि २.९ यांमागची गोष्ट ही आहे.

२५ जानेवारी

हायड्रोक्लोरिक आम्लाचे अनुमापन (अल्क मोजून घालत आम्ल उदासीन करणे) मापकासह केले. शंकुपात्रात २५ मिलिलीटर आम्ल घेतले आणि ब्युरेटमधून (मापखुणा आणि तोटी असलेल्या काचनळीतून) अल्क सोडत गेलो. २० मिलिलीटर गेले तरी सामू १.९ च होता. गट अस्वस्थ झाला. इतके अल्क घातले आणि आकडा जेमतेम एकाने हलला! २५ मिलिलीटरला तो २.७ झाला. त्यापुढे थेंबाथेंबाने जायचे ठरले. ब्युरेटचा एक थेंब म्हणजे सुमारे ०.०५ मिलिलीटर. २६.०५ ला मापक ४.२ दाखवत होता. पुढचा थेंब पडला, द्रावण ढवळले, आकडा धावला आणि ६.६ वर रेंगाळला. त्यापुढच्या थेंबाला तो ९.५ झाला आणि फिनॉल्फथॅलिनची फिकट गुलाबी झाक संपूर्ण पात्रात टिकली. दोन थेंबांत ५.३ एकके, म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीत दोन लाख पटीचा फरक.

आलेख काढताना सर्वांनी हा उभा भाग पट्टीने काढण्याचा आग्रह धरला. त्याला कारण आहेच: आलेख तिथे जवळजवळ सरळ वर चढतो.

२९ जानेवारी

आजचे निम्मे काम वाया गेले, आणि ती चूक माझ्याही नजरेतून सुटली. ॲसेटिक आम्लाच्या अनुमापनासाठी एका जोडीने फिनॉल्फथॅलिनऐवजी मिथिल ऑरेंज घेतले, कारण तीच बाटली हाताशी होती. तीन वेळा अनुमापन झाले आणि अंतिम बिंदू, म्हणजे रंग बदलतो ते ठिकाण, ५.५, ७.५ आणि ९ मिलिलीटर असे आले. लाल, नारिंगी, पिवळा या छटा इतक्या सावकाश एकमेकींत मिसळत होत्या की नक्की कुठे थांबायचे हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवले. मी तिथे पोहोचलो तेव्हा दोघांचा वाद चालला होता, आणि दोघेही चूक होते.

मिथिल ऑरेंजचा रंगबदल सामू ३.१ ते ४.४ या पट्ट्यात होतो. ॲसेटिक आम्लाच्या बाबतीत हा पट्टा अनुमापनाच्या अगदी आरंभीच पार होतो, तेव्हा जवळजवळ सत्तर टक्के आम्ल शिल्लक असते. फिनॉल्फथॅलिन वापरून पुन्हा केले तेव्हा अल्क बरोबर २६.१ मिलिलीटर लागले, हायड्रोक्लोरिक आम्लाला लागले होते तेवढेच. मॅग्नेशिअमने सांगितलेलीच गोष्ट ब्युरेटनेही सांगितली. आलेख मात्र वेगळा आला: मधला भाग लांब आणि सपाट, उभी चढण आखूड. निम्मे आम्ल उदासीन झाले तेव्हा, म्हणजे १३ मिलिलीटरला, मापकाने ४.७ दाखवले. त्या ठिकाणी अखंड आम्ल आणि ॲसेटेट आयन समसमान असतात, त्यामुळे थोडे अल्क घातले तरी सामू फारसा हलत नाही; बफर द्रावणे याच तत्त्वावर चालतात.

समतुल्य बिंदूला, म्हणजे आम्लाला नेमके पुरेल एवढे अल्क पडले तेव्हा, सामू ७ नसून ८.७ होता, हेही नोंदवले. ॲसेटेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतो आणि द्रावण किंचित अल्कधर्मी होते. उदासिनीकरण पूर्ण झाले म्हणजे द्रावण उदासीन झाले, असे शब्दांवरून वाटते. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क यांच्यापुरतेच ते खरे आहे.

१ फेब्रुवारी

सात या आकड्याबद्दल एक छोटी नोंद. पाण्याचे विचरण तापमानाबरोबर वाढते. ६० अंशांना शुद्ध पाण्याचा सामू ६.५ च्या आसपास असतो, तरीही ते पाणी उदासीनच असते, कारण दोन्ही आयन समसमान असतात. मापकावरचे 'तापमान दुरुस्ती' हे बटण काचेच्या टोकाच्या प्रतिसादापुरती दुरुस्ती करते. गरम द्रावणाचा आकडा २५ अंशांच्या आकड्यात बदलून देत नाही. गटातील तिघांचा तसा समज होता.

४ फेब्रुवारी

शेवटचा प्रयोग पहिला प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीनेच सुचवला, आणि तो उलट्या दिशेचा आहे. आजवर संहती सारखी ठेवून सामू पाहिला; आता सामू सारखा ठेवायचा. हायड्रोक्लोरिक आम्ल ०.००१ मोलारपर्यंत विरल केले, मापकावर ३.०० आला. ०.१ मोलार ॲसेटिक आम्लात उकळलेले पाणी थोडे थोडे घालत तेही ३.०० वर आणले. त्याची संहती हिशेबाने ०.०५७ मोलारच्या जवळ आली. दोन चंचुपात्रे शेजारी ठेवली. वैश्विक दर्शकाच्या कागदावर दोन्हींचा रंग एकच होता, एवढा की कागद अदलाबदल झाले आणि कोणता कुठला हे सांगता येईना.

प्रत्येकी २५ मिलिलीटर घेऊन फिनॉल्फथॅलिन टाकले. पहिल्या पात्रात मोजून पाच थेंब अल्क पडले आणि पाचव्याला गुलाबी रंग टिकला. दुसऱ्यात १४.८ मिलिलीटर लागले.

उरलेली द्रावणे एकमेकांत मिसळून, सामू सातच्या आसपास आणून, भरपूर पाण्याबरोबर सोडून दिली. सादरीकरणासाठी दोन बाटल्या ठेवल्या आहेत. दोन्हींवर 'सामू ३.००' अशी चिठ्ठी होती. तिने दोन्ही चिठ्ठ्यांखाली दुसरी ओळ लिहिली. एकीवर 'लागणारे अल्क : ५ थेंब', दुसरीवर 'लागणारे अल्क : १४.८ मिलिलीटर'.